जोसेफ पेट्झवाल

जोसेफ मॅक्सिमिलियन पेट्झवाल (६ जानेवारी १८०७ – १७ सप्टेंबर १८९१) हे गणितज्ञ आणि प्रकाशिकीचे अभ्यासक होते. १८४० साली त्यांनी रचलेले व्यक्तिचित्रणाचे भिंग हे केवळ अनुभवावर न विसंबता गणिताने आखलेले पहिले महत्त्वाचे कॅमेरा-भिंग मानले जाते.

जीवन

पेट्झवाल यांचा जन्म तत्कालीन हंगेरीच्या राज्यातील, आता स्लोव्हाकियात असलेल्या स्पिश्स्का बेला या गावी झाला. पेस्ट येथे अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन त्यांनी काही काळ त्या शहराचे अभियंता म्हणून काम केले. १८३५ मध्ये ते तेथील विद्यापीठात आणि १८३७ मध्ये व्हिएन्ना विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक झाले. १८७७ साली ते निवृत्त झाले.

व्यक्तिचित्रणाचे भिंग

१८३९ साली पॅरिसमध्ये डागेरोटाइप पद्धत जाहीर झाली, तेव्हा वापरात असलेल्या शेवालिए यांच्या भिंगाचे छिद्र सुमारे एफ/१५ इतके लहान होते. एका चित्रासाठी कित्येक मिनिटे लागत आणि तेवढा वेळ माणसाने निश्चल बसणे जवळजवळ अशक्य असे. व्हिएन्नातील भौतिकशास्त्रज्ञ आंद्रेयास फोन एटिंग्सहाउझेन यांनी हा प्रश्न पेट्झवाल यांच्यापुढे मांडला. आकडेमोड प्रचंड असल्याने आर्चड्यूक लुडविग यांनी तोफखान्यातील गणितात तरबेज सैनिक त्यांच्या मदतीला दिले.

तयार झालेल्या भिंगाचे छिद्र एफ/३.६ होते, म्हणजे जुन्या भिंगाच्या सुमारे सतरापट प्रकाश पत्र्यावर पडू लागला. त्यात पुढे चिकटवलेली जोडी आणि मागे हवेची फट ठेवून बसवलेली जोडी अशी चार भिंगे होती. प्रत्येक जोडीत क्राऊन काचेचे बहिर्गोल आणि फ्लिंट काचेचे अंतर्गोल भिंग एकमेकांचे वर्णविपथन बरेचसे रद्द करीत. गोलीय विपथनही चांगले आटोक्यात आले होते, आणि इतक्या मोठ्या छिद्रासाठी हीच खरी कठीण बाब होती.

मर्यादा

मोठ्या छिद्रातून येणारा प्रकाशशंकू रुंद असतो. नाभी एक मिलिमीटर चुकली, तर एफ/१५ला बिंदूऐवजी ०.०७ मिलिमीटरचा ठिपका उमटतो, एफ/३.६ला तोच सुमारे ०.२८ मिलिमीटरचा होतो. त्यामुळे लहान छिद्रात खपून गेलेला रंगदोष येथे उघडा पडतो. डोळा पिवळ्या-हिरव्या प्रकाशात नाभी जुळवतो, तर डागेरोटाइपचा पत्रा प्रामुख्याने निळ्या-जांभळ्या प्रकाशाला प्रतिसाद देई. काचेवर रेखीव दिसलेला चेहरा पत्र्यावर धूसर उमटे. दोन नाभींमधील या फरकाचा अभ्यास लंडनमधील छायाचित्रकार अंतवान क्लोदे यांनी केला. आजच्या अतिवेगवान भिंगांत उजळ कडांभोवती दिसणारी जांभळी किनार याच जातीची आहे.

दुसरी मर्यादा प्रतिमेच्या वक्रतेची. मध्यभागी चित्र अत्यंत स्पष्ट आणि कडांकडे विरत जाणारे असे. ही वक्रता प्रत्येक भिंगाची शक्ती व त्याच्या काचेचा अपवर्तनांक यांवरच ठरते, भिंगांमधील अंतरावर नाही, हे पेट्झवाल यांनीच दाखवले. त्या राशीला आज पेट्झवाल बेरीज म्हणतात. आपल्या रचनेतील उणीव नेमकी कोठून येते, हे त्यांना इतर कोणाहूनही अधिक ठाऊक होते. व्यक्तिचित्रात मात्र ती फारशी खटकत नसे. उच्च अपवर्तनांकाची नवी क्राऊन काच येना येथे १८८०च्या दशकात तयार झाली आणि तिच्या आधारे १८९० साली पाउल रुडोल्फ यांनी त्साइसचे अॅनॅस्टिग्मॅट भिंग रचले. त्यानंतरच्याच वर्षी पेट्झवाल यांचे निधन झाले.

वाद आणि नुकसान

भिंगाचे उत्पादन व्हिएन्नातील फोइग्टलेंडर यांनी केले आणि त्याला मोठी मागणी आली. पेट्झवाल यांना केवळ एकरकमी मोबदला मिळाला. दोघांचे संबंध लवकरच बिघडले. १८४९ मध्ये फोइग्टलेंडर यांनी ब्राउनश्वाइग येथे कारखाना काढला, आणि युरोपभर या भिंगाच्या नकला निघाल्या. १८५७ साली पेट्झवाल यांनी निसर्गचित्रणाचे भिंग दुसऱ्या उत्पादकाकडून बाजारात आणले, तेव्हा फोइग्टलेंडर यांनीही तेच विकण्यास आरंभ केला आणि वाद पुन्हा पेटला.

याहून मोठा घाव १८५९ मध्ये बसला. काहलेनबर्ग येथील घरात चोरी होऊन प्रकाशिकीवरील त्यांची हस्तलिखिते नष्ट झाली. १८४३ च्या छोट्या अहवालात ज्याचे केवळ निष्कर्ष आले होते, तो सिद्धान्त सविस्तर कधीच छापला गेला नाही. परिणामी पुढील अभ्यासकांना त्यातील बराच भाग नव्याने शोधावा लागला.

त्यांचा प्रत्येक वाद योग्य होता असे नाही. १८५२ मध्ये त्यांनी डॉप्लर यांच्या तत्त्वाला कडाडून विरोध केला होता आणि त्यात ते चुकले.

स्मृती

स्पिश्स्का बेला येथे त्यांच्या नावाचे संग्रहालय आहे. चंद्राच्या पृथ्वीवरून न दिसणाऱ्या बाजूवरील एका विवरालाही पेट्झवाल हे नाव देण्यात आले आहे.