सावित्रीबाईंच्या शाळेतला एक निबंध

मागच्या वर्षी एन.एस.एस.च्या कॅम्पमध्ये 'बालहक्क' हा विषय माझ्या वाट्याला आला. सालेकसा तालुक्यातलं गाव, जिल्हा परिषदेची शाळा, सहावी-सातवीची मुलं. मी पडले कॉन्व्हेंटची. बालहक्कांचा तक्ता आमच्या वर्गाच्या भिंतीवर कायम असायचा, त्यामुळे सगळं तोंडपाठ, तेही इंग्रजीत! जगण्याचा, विकासाचा, संरक्षणाचा, सहभागाचा असे चारही हक्क मी फळ्यावर लिहिले, मुलांकडून तीनदा म्हणवून घेतले आणि सर्वांत मोठ्याने म्हणणाऱ्या मुलीला 'बालनेता' करून टाकलं.

तिने लगेच उभं राहून विचारलं की, रोवणीच्या दिवसांत तिच्या बाकावरची मैत्रीण शाळेत येत नाही, लहान भावाला घेऊन धुऱ्यावर बसते. तर हे हक्क तिला घरी जाऊन सांगायचे का? आणि तिचे बाबा रागावले तर काय म्हणायचं?

मी म्हणाले, छान प्रश्न आहे. तेवढ्यात घंटा झाली. बरं झालं, झाली.

दुसऱ्या दिवशी ३ जानेवारी. सावित्रीबाईंवरचं माझं तीन मिनिटांचं भाषण तयारच होतं. ते मी म्हटलं, टाळ्याही मिळाल्या. पण ती मुलगी समोरच बसली होती. परत आल्यावर लायब्ररीतून सावित्रीबाईंचं चरित्र काढलं आणि या वेळी परीक्षेसाठी नाही, तर तिच्या प्रश्नासाठी वाचलं.

जन्म १८३१ चा, सातारा जिल्ह्यातल्या नायगावचा. वडील खंडोजी नेवसे पाटील. १८४० मध्ये लग्न झालं तेव्हा नवरी ९ वर्षांची आणि नवरदेव जोतिराव १३ वर्षांचे. अक्षरओळख सासरी आल्यावर, नवऱ्याकडून झाली. पुढे त्यांनी शिक्षिकेचं रीतसर प्रशिक्षणही घेतलं आणि १८४८ मध्ये पुण्याच्या भिडे वाड्यातल्या मुलींच्या शाळेत शिकवायला उभ्या राहिल्या. वय किती, तर १७! त्या वयात आपण बारावीच्या क्लासच्या नोट्स झेरॉक्स करत होतो. रस्त्यात अंगावर शेण-चिखल पडायचा म्हणून त्या जास्तीचं लुगडं बरोबर न्यायच्या, हे तर सगळ्यांना माहीत आहेच. १८४९ मध्ये सासऱ्यांनी घर सोडायला लावलं. तरी शाळा बंद पडली नाही, उलट वाढत गेल्या. मांग-महार मुलांसाठीही शाळा निघाल्या.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला, ती. फुले पती-पत्नींच्या शाळेत मुक्ता नावाची मांग समाजातली मुलगी शिकत होती. तीन वर्षं शिकून तिने एक निबंध लिहिला, मांग-महारांच्या दुःखाविषयी. १८५५ मध्ये तो 'ज्ञानोदय'मध्ये दोन भागांत छापून आला. शाळकरी मुलीचा निबंध म्हणजे 'माझी गाय' असं काही तरी असेल, असं वाटून मी वाचायला घेतला. तर ही मुलगी विचारते की, वेद बघायचाही अधिकार आम्हाला नसेल तर आमचा धर्म तरी कोणता? पेशवाईत आपल्या लोकांना इमारतींच्या पायात पुरायचे, हे लिहिते. बाळंत होणाऱ्या बाईच्या डोक्यावर छप्परसुद्धा नसतं, हेही लिहिते. आणि शेवटी आपल्याच लोकांकडे वळून त्यांना शिकायला सांगते.

मी दोनदा वाचलं. मुक्ताने हक्कांची यादी पाठ केलेली नव्हती. तशी यादीच तेव्हा अस्तित्वात नव्हती. मुलांच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार १९८९ चा, आपल्या देशाने तो १९९२ मध्ये स्वीकारला. जोतिरावांनी हंटर आयोगापुढे १२ वर्षांपर्यंतचं शिक्षण सक्तीचं करा असं सांगितलं ते १८८२ मध्ये, आणि शिक्षणहक्काचा कायदा लागू झाला १ एप्रिल २०१० ला. मुक्ताकडे यातलं काहीच नव्हतं. शाळेने तिला वाचायला-लिहायला शिकवलं आणि स्वतःच्या वस्तीकडे बघायला शिकवलं. माझ्या तासात फक्त पहिलं झालं, तेसुद्धा अर्धवट.

आता बाबा रागावले तर काय, हा प्रश्न. सावित्रीबाईंचं १८५६ चं एक पत्र आहे, जोतिरावांना लिहिलेलं. आजारपणामुळे त्या माहेरी, नायगावला होत्या आणि शाळेचा भार फातिमा एकटी ओढते आहे याची त्यांना काळजी होती. तिथे भावाने बोलणी लावली की, तुम्ही नवरा-बायको महार-मांगांसाठी जे करता ते कुळाला शोभत नाही. सावित्रीबाई रडल्या नाहीत आणि गप्पही बसल्या नाहीत. त्यांनी भावालाच विचारलं की, तू गाई-शेळ्यांना कुरवाळतोस, नागपंचमीला विषारी नागाला दूध पाजतोस, मग माणसाचा विटाळ कसा होतो? भाऊ खजील झाला. आई ऐकत होती, तिच्या डोळ्यांत पाणी आलं. घराबाहेरचं शेण धुऊन टाकता येतं, पण घरातल्या माणसाशी असं बोलणं मला जास्त अवघड वाटतं. (माझ्या घरी इंजिनिअरिंगची ब्रँच बाबांनी ठरवली, मी मान हलवली.)

पुढचं आयुष्यही असंच. १८७६-७७ च्या दुष्काळात उपाशी मुलांसाठी अन्नछत्रं चालवली. १८९० मध्ये जोतिराव गेले तेव्हा अंत्ययात्रेत स्वतः टिटवं धरून पुढे चालल्या. १८९३ मध्ये सासवडच्या सत्यशोधक परिषदेच्या अध्यक्ष झाल्या. १८९७ च्या प्लेगमध्ये मुलगा डॉ. यशवंत याच्या दवाखान्यात रोगी आणून पोचवत होत्या. एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन आल्या, त्यात त्यांनाच लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. वय ६६.

यंदाचा कॅम्प त्याच गावात आहे. तक्ता नेणार नाही. मुक्ताच्या निबंधाची आणि त्या पत्राची झेरॉक्स काढून ठेवली आहे. ती मुलगी आता वरच्या वर्गात गेली असेल, तिलाच वर्गापुढे वाचायला लावीन. आणि तिच्या मैत्रिणीचं घर कुठे आहे, तेही विचारीन.