गायतोंडेंना घाई नव्हती

रील टाकली की दहा मिनिटांत लाईक मोजायला बसणारे आपण. त्यामुळे वर्षाला जेमतेम पाच-सहा चित्रं काढणारा चित्रकार आपल्याला आळशीच वाटेल. पण वासुदेव गायतोंडे आळशी नव्हते.

त्यांचा जन्म २ नोव्हेंबर १९२४ चा, तोही नागपूरचा. म्हणजे यवतमाळहून एसटीनं तीन-चार तासांवरचा! घराणं मूळ गोव्याचं, बालपण मात्र मुंबईत, गिरगावातल्या चाळीत गेलं. १९४८ मध्ये त्यांनी जे. जे. स्कूल ऑफ आर्टचा डिप्लोमा घेतला. पुढे सूझा, रझा, हुसेन यांच्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमध्ये तेही आले. १९५७ मध्ये टोकियोत तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनात त्यांना पुरस्कार मिळाला.

सुरुवातीला ते माणसं रंगवायचे. मग झेन विचारांची ओढ लागली आणि चित्रांतून माणसं, घरं, वस्तू हळूहळू निघून गेल्या. उरले रंग आणि प्रकाश. रोलरनं रंग पसरवायचा, पॅलेट नाइफनं खरवडायचा, पुन्हा थर द्यायचा. हातापेक्षा नजरेचं कामच जास्त. कोऱ्या कॅनव्हाससमोर नुसतं बसून राहणं हाही त्यांच्यासाठी कामाचाच भाग होता.

१९६४ मध्ये रॉकफेलर फेलोशिपवर ते न्यूयॉर्कला गेले. १९७१ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यानंतर ते दिल्लीत निजामुद्दीनला राहायला गेले. लग्न केलं नाही, गर्दीत फारसे मिसळले नाहीत.

१९८४ मध्ये अपघातात मानेला जबर दुखापत झाली. मोठा कॅनव्हास हाताळणं काही वर्षं बंदच पडलं. तेव्हा त्यांनी कागदावर शाईनं छोटी रेखाटनं केली आणि बरं वाटू लागल्यावर पुन्हा ब्रश-रोलरकडे वळले. १० ऑगस्ट २००१ रोजी ते गेले.

खरी बातमी त्यानंतरची. २०१३ मध्ये मुंबईतल्या लिलावात त्यांचं एक चित्र २३ कोटींहून जास्त किमतीला विकलं गेलं. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम म्युझियमनं त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं. यातलं काहीच त्यांनी पाहिलं नाही. पण हे सगळं मिळावं म्हणून ते रंगवतही नव्हते. निकाल हातात नसताना एवढ्या निष्ठेनं काम करत राहणं आपल्याला जमेल का, हा खरा प्रश्न आहे.

त्यांची चित्रं दिल्लीच्या नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात आहेत. कधी योग आलाच तर फोन खिशात ठेवा आणि एकाच चित्रासमोर दहा मिनिटं उभे राहा.