न विचारलेल्या माणसांचा सेनापती

मुंबईत दादरहून महालक्ष्मीच्या दिशेने, रेल्वेच्या रुळांना धरून जाणारा एक रस्ता आहे. जुने मुंबईकर त्याला आजही तुळशी पाइप रोड म्हणतात. पाटीवरचे नाव मात्र सेनापती बापट मार्ग. या रस्त्याच्या आजूबाजूला एकेकाळी कापड गिरण्यांची धुराडी उभी होती. आता त्यांच्या जागी मॉल आणि कंपन्यांची कार्यालये आली आहेत. पुण्यातही याच नावाचा रस्ता असून तोही काचेच्या इमारतींनी गजबजलेला आहे. या दोन्ही रस्त्यांवरून रोज हजारो माणसे ये-जा करतात. ज्या माणसाचे नाव रस्त्याला दिले, त्याच्या आयुष्यातील सर्वांत मोठा लढा मुंबईच्या गिरण्यांना वीज देणाऱ्या एका धरणाविरुद्ध होता, हे त्यांतील फार थोड्यांना ठाऊक असते.

पांडुरंग महादेव बापट यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० रोजी पारनेर येथे झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून पदवी घेतल्यानंतर मंगलदास नथुभाई शिष्यवृत्ती मिळवून १९०४ मध्ये ते यंत्रविद्येच्या अभ्यासासाठी एडिंबरोला गेले. तेथे ब्रिटिश राजवटीतील हिंदुस्थानच्या स्थितीवर त्यांनी परखड भाषण केले आणि शिष्यवृत्ती गमावली. पुढे लंडनच्या इंडिया हाउसमधील क्रांतिकारकांशी त्यांचा संबंध आला. पॅरिसमध्ये त्यांनी बाँब तयार करण्याची विद्या आत्मसात केली आणि १९०८ मध्ये ते मायदेशी परतले. अलीपूर कटाच्या खटल्यात माफीच्या साक्षीदाराने त्यांचे नाव घेतल्यामुळे त्यांना काही वर्षे भूमिगत राहावे लागले. १९१२ मध्ये ते पकडले गेले. परंतु पुरेशा पुराव्याअभावी त्यांची सुटका झाली.

सुटकेनंतरचे बापट पूर्वीपेक्षा वेगळे दिसतात. पारनेरला ते स्वतः हातात झाडू घेऊन रस्ते साफ करू लागले. मुलाच्या बारशाच्या दिवशी त्यांनी पहिली पंगत अस्पृश्य मानल्या गेलेल्या मंडळींची बसवली. पुण्यात ‘मराठा’ पत्रात आणि पुढे ज्ञानकोशाच्या कामात त्यांनी लेखणी चालवली. १९२० मध्ये मुंबईत आल्यावर झाडूवाल्या कामगारांची संघटना बांधण्याच्या कामात त्यांनी स्वतःला झोकून दिले. ज्यांचे म्हणणे कोणी ऐकत नाही, त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहायचे, हा त्यांचा स्वभाव याच काळात घडला. मुळशीच्या प्रकरणात त्या स्वभावाची कसोटी लागली.

मुळशीची योजना ही त्या काळाच्या मानाने अत्यंत भव्य होती. मुंबईच्या गिरण्या दुरून आणलेल्या कोळशावर चालत. कोळसा महाग, त्याच्या पुरवठ्याचा भरवसा कमी आणि धुराने शहर काळवंडलेले. सह्याद्रीच्या माथ्यावर पडणारा प्रचंड पाऊस अडवून, ते पाणी कड्यावरून कोकणात सोडून वीज निर्माण करावी, ही कल्पना जमशेटजी टाटांच्या काळापासूनची होती. १९१५ मध्ये खोपोलीच्या वीजगृहाने ती प्रत्यक्षात आणून दाखवली. विजेची मागणी वाढत चालल्याने त्याच वाटेवरची पुढची योजना म्हणून मुळा नदीवर मुळशी येथे धरण बांधायचे आणि पाणी बोगद्यातून भिरा येथील वीजगृहाकडे न्यायचे ठरले. त्यासाठी १९१९ मध्ये टाटा पॉवर कंपनी स्थापन झाली. स्वदेशी भांडवल, स्वदेशी उद्योग, धुराविना शक्ती अशी ही योजना होती. कागदावर तिच्यात खोट काढणे कठीण होते.

खोट होती ती हिशेबाच्या मांडणीत. या हिशेबात भागधारक होते, गिरण्या होत्या, सरकार होते. नव्हती ती मुळशी पेट्याची माणसे. सुमारे ५० गावे आणि ११ हजारांच्या आसपास लोक या धरणामुळे उठणार होते. भातशेती हा त्यांचा प्राण. इथला आंबेमोहर तांदूळ पुण्याच्या बाजारात नावाजलेला. कंपनीने शेतकऱ्यांना न विचारताच त्यांच्या जमिनींत चाचणीचे चर खणावयास प्रारंभ केला, तेव्हा अनेकांना धरणाची पहिली वार्ता कुदळीच्या आवाजाने कळली. जमीन घेण्यासाठी सरकारच्या हाती १८९४ चा भूसंपादन कायदा होता. खासगी कंपनीसाठीही तो वापरता येई आणि त्यात मालकाच्या संमतीला स्थान नव्हते. मोबदल्याची रक्कम किती, एवढाच काय तो वादाचा विषय.

१६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या मुहूर्तावर, सत्याग्रहाला सुरुवात झाली. बाराशेच्या आसपास मावळे धरणाच्या जागेवर जाऊन बसले आणि काम थांबले. विनायकराव भुस्कुटे आणि बापट हे या लढ्याचे प्राण होते. येथेच बापटांना सेनापती ही पदवी मिळाली. जीव देऊ पण जमीन देणार नाही, असा निर्धार गावोगाव पोहोचला. स्त्रियाही मागे राहिल्या नाहीत. त्यांनी मार खाल्ला आणि तुरुंगवासही पत्करला. गांधीजींनी आपल्या पत्रातून टाटांना गरिबांच्या भावनांचा विचार करण्याचे जाहीर आवाहन केले. पुण्याची वृत्तपत्रे शेतकऱ्यांच्या बाजूने लिहू लागली. लोकमताचा रेटा असा वाढला की, वाटाघाटी होऊन कंपनीने काही महिने काम स्थगित ठेवण्याचे मान्य केले.

हे सहा-सात महिनेच खरे निर्णायक ठरले. या अवधीत कंपनीला गावांशी बोलता आले असते. धरणाची उंची, गावांची नवी जागा, जमिनीच्या बदल्यात जमीन, वाहून नेलेल्या पाण्याचा वाटा, असे कितीतरी प्रश्न चर्चेला घेता आले असते. तसे घडले नाही. सरकारने भूसंपादनाची प्रक्रिया पुढे रेटली आणि चर्चा उरली ती केवळ मोबदल्याच्या आकड्याची.

आकड्याची चर्चा सुरू होताच आंदोलनातली भेगही उघडी पडली. मुळशीच्या बऱ्याच जमिनी कर्जापायी पुण्याच्या सावकारांकडे गेलेल्या होत्या. कसणारा मावळा कूळ म्हणून राबत होता आणि कागदावर मालक दुसराच होता. कायद्याने मोबदला मिळणार तो कागदावरच्या मालकाला. चांगला भाव मिळत असेल तर सावकाराला धरणाशी भांडण राहण्याचे कारण नव्हते. कुळाचे मात्र जमिनीबरोबर सर्वस्वच जाणार होते. पुण्यातील पुढारी मंडळींपैकी अनेकांचे लागेबांधे सावकारवर्गाशी होते. त्यामुळे धरण नकोच आणि मोबदला वाढवा, अशा दोन भूमिका एकाच झेंड्याखाली वावरू लागल्या. कंपनीने गावाला एकच पक्ष समजण्याची जी चूक केली, तीच काही अंशी आंदोलनाच्या नेतृत्वानेही केली. गावात अनेक गावे असतात आणि प्रत्येकाचे नुकसान वेगळे असते, हे फार उशिरा ध्यानात आले.

डिसेंबर १९२१ पासून सत्याग्रहाचे दुसरे पर्व सुरू झाले, ते अटकसत्राच्या सावटातच. बापट दोनदा तुरुंगात गेले. सुटून आल्यावर त्यांनी गावोगाव फिरून पुन्हा प्रचार केला. पण एकेक करून मालक मोबदला स्वीकारत होते, भिंत वर चढत होती आणि शहरातील उत्साह ओसरत होता. या टप्प्यावर बापटांनी गांधीजींच्या मार्गापासून थोडी फारकत घेतली. मनुष्यहानी न करता मालमत्तेची हानी करणे आणि त्याची शिक्षा उघडपणे भोगणे हे सत्याग्रहात बसते, असे त्यांचे मत बनले होते. १९२४ च्या अखेरीस त्यांनी निवडक साथीदारांसह धरणाच्या कामावरची आगगाडी रुळांवर दगड रचून अडवली. पळून जाण्याचा प्रयत्न त्यांनी केला नाही. या कृत्याबद्दल त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली आणि सिंधमधील हैदराबादच्या तुरुंगात त्यांची रवानगी झाली. मुळशीचा लढा येथेच संपला. १९२७ मध्ये भिऱ्याचे वीजगृह सुरू झाले. मुंबईला वीज मिळाली, मावळे विखुरले.

१९३१ मध्ये सुटल्यानंतरही बापटांच्या वाट्याला पुन्हा दीर्घ कारावास आला. पुढे सुभाषचंद्रांच्या फॉरवर्ड ब्लॉकचे महाराष्ट्रातील नेतृत्व, हैदराबाद संस्थानातील सत्याग्रह, गोवामुक्तीचे आंदोलन, संयुक्त महाराष्ट्राची चळवळ अशा प्रत्येक लढ्यात ते अग्रभागी राहिले. १५ ऑगस्ट १९४७ रोजी पुण्यात ध्वजारोहणाचा मान त्यांना मिळाला. योगी अरविंदांच्या ‘दिव्य जीवन’ या ग्रंथाचा त्यांनी मराठी अनुवाद केला, स्वतः विपुल काव्यरचनाही केली. २८ नोव्हेंबर १९६७ रोजी त्यांचे निधन झाले. सत्ता वा पद यांच्या वाटेला ते अखेरपर्यंत गेले नाहीत.

बापट हे यंत्राचे वैरी होते, असे म्हणता येणार नाही. यंत्रविद्या शिकण्यासाठीच ते सातासमुद्रापार गेले होते. मुळशीचे धरण तांत्रिकदृष्ट्या यशस्वीच ठरले आणि भिऱ्याचे वीजगृह पुढे अनेक दशके चालत राहिले. म्हणूनच हे उदाहरण विचार करायला लावते. प्रकल्प फसला असता तर दोष अभियंत्यांवर ढकलता आला असता. तो यशस्वी झाला आणि तरीही त्याची किंमत कोणी चुकवली हा प्रश्न शिल्लक राहिला. पूर्वेकडे भीमेच्या खोऱ्यात जाणारे पाणी वीज निर्माण करून कुंडलिकेवाटे अरबी समुद्राला मिळते. दुष्काळाने गांजलेल्या पूर्वेकडच्या तालुक्यांचे काय, हा वाद कित्येक वर्षे निकाली निघालेला नाही. १९२१ मध्ये पाण्याच्या या अदृश्य हक्कदारांचा विचारही कोणाच्या मनात आला नसावा.

मुळशीची ठेच लागूनही शहाणपण यायला फार काळ लागला. महाराष्ट्रात प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा झाला तो १९७६ मध्ये. १८९४ चा कायदा तर स्वतंत्र भारतातही सहा दशकांहून अधिक काळ टिकला. २०१३ च्या नव्या भूसंपादन कायद्याने तो मोडीत काढला आणि १ जानेवारी २०१४ पासून नवी व्यवस्था लागू झाली. या कायद्याने खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची असल्यास बाधित कुटुंबांपैकी किमान ८० टक्क्यांची पूर्वसंमती आणि सामाजिक परिणामांचा आधीच अभ्यास करणे बंधनकारक केले. कुळे आणि भूमिहीन मजूर यांनाही बाधित म्हणून मान्यता दिली. पुढे अनेक राज्यांनी या तरतुदींना पळवाटा काढल्या, ही गोष्ट वेगळी. तरीही कुदळ मारण्यापूर्वी विचारले पाहिजे, हे तत्त्व अखेर कायद्याच्या पुस्तकात आले.

मुळशीच्या शेतात पहिला चर खणला गेला, तेव्हा असे विचारणारे कोणी नव्हते. न विचारलेल्या त्या माणसांसाठी एका यंत्रविद्येच्या विद्यार्थ्याने आयुष्यातील उमेदीची वर्षे तुरुंगात घालवली. तुळशी पाइप रोडवरून जाताना पाटीवरच्या नावाकडे नजर गेलीच, तर एवढे आठवावे.