हाडे मोडली, तरी बर्फ वाचणारे झ्दार्स्की

फेब्रुवारी 1916. पहिले महायुद्ध चालू होते. ऑस्ट्रिया-इटली सीमेवरच्या कार्निक आल्प्समध्ये हिमस्खलनाखाली गाडल्या गेलेल्या सैनिकांचा शोध सुरू होता. शोधपथकाबरोबर साठी गाठलेले एक गृहस्थ होते, माथियास झ्दार्स्की. तेवढ्यात आणखी एक लोट कोसळला आणि तेही त्याखाली गेले. बाहेर काढले तेव्हा श्वास चालू होता. पण मोडलेली हाडे आणि निखळलेले सांधे मोजले तर आकडा 80 च्या घरात गेला. बर्फाचा धोका त्यांच्याइतका ओळखणारे तेव्हा फार थोडे होते. सैन्याने त्यांना सल्लागार नेमले होते ते त्यासाठीच.

झ्दार्स्की 1856 मध्ये मोराव्हियात जन्मले. शिक्षकी केली, चित्रे काढली, शिल्पे घडवली. 1889 मध्ये ते ऑस्ट्रियात लिलिएनफेल्डजवळ एका शेतघरात राहायला गेले. नॅन्सेन यांनी ग्रीनलंड स्कीवरून ओलांडल्याची हकिगत वाचून त्यांनी नॉर्वेहून स्की मागवल्या. त्या लांबलचक पट्ट्या आल्प्सच्या उभ्या उतारावर वळेनात. मग त्यांनी त्या आखूड केल्या, बूट धरून ठेवणारी पकड शेकडो वेळा बदलून पाहिली आणि 1896 मध्ये या तंत्रावर पुस्तक काढले. हजारो लोकांना त्यांनी स्की शिकवली, तीही फुकट.

यातून एक नवाच प्रश्न उभा राहिला. ज्या उतारांवर हिवाळ्यात सहसा कोणी फिरकत नसे, तिथे आता माणसे जाऊ लागली. हिमस्खलन बहुधा 30 ते 45 अंशांच्या उतारावर होते. स्कीची खरी मजाही नेमकी तिथेच!

वरून बर्फ सगळा सारखाच पांढरा दिसतो. आत मात्र थरांवर थर असतात. कडाक्याच्या थंडीत खालच्या थरातले कण जाड साखरेसारखे सुटे होतात, एकमेकांना धरत नाहीत. त्यावर वाऱ्याने आणून घट्ट दाबलेल्या बर्फाची लादी बसते. वाळूवर फरशी ठेवावी तसे हे. माणसाच्या वजनाने खालचा थर खचला की अख्खी लादी सुटते. कधी पायाखाली ‘धप्प’ असा आवाज येतो, भेगा पळत जातात. तिथून मागे फिरणेच बरे. आजही जाणकार आधी आजूबाजूच्या उतारांवर ताजे स्खलन झाले आहे का ते पाहतात. दोन दिवसांत किती बर्फ पडला, वारा कुठून वाहिला, ऊन अचानक वाढले का, हे विचारतात आणि खड्डा खणून थर तपासतात. एवढे करूनही खात्री देता येत नाही.

युद्धात ही खबरदारी कोण घेणार? 13 डिसेंबर 1916 रोजी मार्मोलाडा पर्वतावर एकाच छावणीतले 200 हून अधिक सैनिक बर्फाखाली गेले.

गाडलेला माणूस थंडीने मरतो, असा समज आहे. बहुतेक जण गुदमरून मरतात. थांबलेला बर्फ सिमेंटसारखा घट्ट बसतो, हातसुद्धा हलवता येत नाही. उच्छ्वासाच्या वाफेने तोंडाभोवती बर्फाचे कवच धरते. पहिल्या दहा मिनिटांत बहुतेक जण जिवंत असतात, पुढे ही शक्यता भराभर घसरते. म्हणून बाहेरची मदत येईपर्यंत थांबून चालत नाही, सोबत्यांनीच खणायचे असते. पण खणण्याआधी वरचा उतार पाहायचा, शक्य असेल तर एकाला पहाऱ्यावर उभे करायचे. झ्दार्स्की सापडले ते अशाच शोधकार्यात.

बर्फाने अंग कसे पिळवटले, हे त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवले. साठीनंतर इतकी हाडे मोडलेला माणूस अंथरुणाला खिळला असता तर कुणाला नवल वाटले नसते. त्यांनी मात्र स्वतःच व्यायाम आखले आणि चिकाटीने केले. वेदना राहिल्या, पण ते पुन्हा चालू लागले. पुढे स्कीवरही उभे राहिले. हिमस्खलनावरचे त्यांचे पुस्तक त्यानंतरचे, 1929 चे.

1940 मध्ये, चौऱ्याऐंशीव्या वर्षी ते गेले. उघड्यावर अडकल्यास दोघांनी अंगावर ओढून बसायची त्यांची साधी कापडी पिशवी अजून गिर्यारोहकांच्या पाठपिशवीत असते. जर्मन भाषेत तिला त्यांचेच नाव आहे.