संत जोसेफ वाझ : मेंढपाळ नसलेल्या कळपाकडे



१६ जानेवारी हा संत जोसेफ वाझ यांचा सण. गोव्यात त्यांचे नाव लहान मुलांनाही ठाऊक असते. आपल्या विदर्भात मात्र संत फ्रान्सिस झेवियर किंवा पाद्वाचे संत अंतोनी यांची जितकी आठवण होते, तितकी या संताची होत नाही. म्हणून या अंकात त्यांचे चरित्र देत आहोत. त्याला आणखीही एक कारण आहे. आपला धर्मग्राम विखुरलेला आहे. एखाद्या गावात आपली दोन घरे, तर दुसऱ्या तालुक्यात एकच. कापूस वेचणीच्या दिवसांत मजुरी बुडवून मिस्सेला येणे सगळ्यांना जमत नाही, आणि फादरांनाही दर रविवारी प्रत्येक गावी पोचता येत नाही. अशा घरांतल्या मुलांची श्रद्धा पुढे टिकेल का, हा प्रश्न आपल्या बोलण्यात नेहमी येतो. सुमारे साडेतीनशे वर्षांपूर्वी हाच प्रश्न एका संपूर्ण बेटापुढे उभा राहिला होता. फादर जोसेफ वाझ यांना देवाची हाक ऐकू आली ती त्या बेटावरून.

जोसेफ यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी सासष्टीतील बाणावली या गावी, आजोळी झाला. वडील क्रिस्तोव्हाव वाझ हे सांकवाळचे, आई मारिया द मिरांडा. सहा भावंडांत जोसेफ तिसरे. सांकवाळला पोर्तुगीज आणि बाणावलीला लॅटिन शिकून ते पुढे गोवा शहरात, म्हणजे आजच्या जुन्या गोव्यात आले. तिथे येशूसंघीयांच्या संत पॉल महाविद्यालयात व नंतर दोमिनिकन संघाच्या विद्यालयात त्यांचे शिक्षण पूर्ण झाले. १६७६ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. तेव्हा रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक होऊन दोन वर्षे झाली होती.

त्या काळी गोव्यात स्थानिक धर्मगुरूंची संख्या पुष्कळ होती, पण त्यांना मान फारसा नव्हता. युरोपातून आलेल्या बहुतेक संघांची दारे आपल्या माणसांना बंद असत. मोठी पदे गोऱ्यांकडे आणि खालची कामे स्थानिकांकडे अशी विभागणी होती. तरुण फादर जोसेफ यांनी याबद्दल तक्रार केल्याचे दिसत नाही. त्यांनी पायातले जोडे मात्र काढून टाकले. गोव्यातला गरीब माणूस अनवाणी चालत असे, म्हणून त्यांनीही तसेच चालायचे ठरवले. सांकवाळला त्यांनी गुरुदीक्षेची इच्छा असणाऱ्या मुलांसाठी लॅटिनची शाळा काढली. ५ ऑगस्ट १६७७ रोजी एका कागदावर सही करून त्यांनी स्वतःला पवित्र मरियेचा कायमचा दास म्हणून अर्पण केले. मरियेच्या दास्याची ही भक्ती पुढे फ्रान्सच्या संत लुई द मोंफोर यांच्यामुळे जगभर पसरली. पण हा कागद लिहिला गेला तेव्हा मोंफोर अवघ्या चार वर्षांचे होते, हे आम्हाला इथे आवर्जून सांगावेसे वाटते.

आता सिलोनकडे वळू. आजचा श्रीलंका देश तो हाच. आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना हे नाव रेडिओमुळे चांगलेच परिचयाचे आहे. तिथल्या किनाऱ्यावर पोर्तुगिजांची सत्ता होती आणि त्यांच्या काळात हजारो लोक कॅथलिक झाले होते. १६५६ साली डचांनी, म्हणजे आपल्या इतिहासातल्या वलंदेजांनी, कोलंबो घेतले आणि १६५८ साली जाफना. डच हे काल्विनपंथी. त्यांनी सगळ्या कॅथलिक धर्मगुरूंना बेटाबाहेर काढले आणि कोणी धर्मगुरूला घरात लपवले तर त्याला मृत्युदंड होईल असे फर्मान काढले. चर्चच्या इमारती डचांच्या उपासनेसाठी गेल्या. मुलांना डच शाळेत घालावे लागे, लग्नही त्यांच्याच चर्चमध्ये लावावे लागे. जवळजवळ तीस वर्षे त्या भागातल्या कॅथलिकांना मिस्सा नाही, पापनिवेदन नाही, मरणाऱ्याला अंत्यविधीचा दिलासा नाही, अशी स्थिती होती. एक पिढी धर्मगुरूचे तोंड न पाहताच मोठी झाली.

ही हकीकत फादर जोसेफ यांच्या कानी आली आणि त्यांना चैन पडेना. आपण पाचारण म्हणतो तेव्हा बहुधा एखादे दर्शन, एखादा आवाज, रात्रीचे स्वप्न असे काही डोळ्यांसमोर आणतो. त्यांच्या बाबतीत असे काहीच घडले नाही. अमुक ठिकाणी माणसे आहेत आणि त्यांच्याकडे जाणारे कोणी नाही, एवढी साधी बातमी होती. ती गोव्यात पुष्कळांनी ऐकली असणार.

त्यांनी जाण्याची परवानगी मागितली. वरिष्ठांनी १६८१ साली त्यांना पाठवले ते मात्र सिलोनला नव्हे, तर कानडा प्रांतात. मंगळूर, बसरूर, गंगोळी या भागात गोव्याचे आर्चबिशप आणि रोमने नेमलेले बिशप यांच्यात अधिकाराचा वाद पेटला होता, आणि सामान्य भाविक मधल्या मध्ये भरडले जात होते. फादर जोसेफ यांनी दोन्हीकडे नम्रता ठेवली, शाळा उघडल्या, कैद्यांना सोडवण्यासाठी पैसे जमवले, गावोगाव पायी हिंडून संस्कार दिले. वाद काही त्यांच्या हातून मिटला नाही. १६८४ साली ते गोव्याला परतले, सिलोनचा विचार मनात तसाच घेऊन.

परत आल्यावर दुसरेच काम पुढे आले. जुन्या गोव्यातील चमत्काराच्या पवित्र क्रूसाच्या चर्चजवळ काही स्थानिक धर्मगुरू एकत्र राहून प्रार्थनेचे जीवन जगू पाहत होते. १६८५ साली फादर जोसेफ त्यांना जाऊन मिळाले आणि त्यांनी लगेच त्यांनाच प्रमुख निवडले. संत फिलिप नेरी यांच्या नियमावर चालणारा हा ओरेटरी संघ पूर्णपणे भारतीय धर्मगुरूंचा होता. ज्यांना परकीय संघ आत घेत नव्हते त्यांनी स्वतःचे घर उभे केले. फादर जोसेफ तिथे प्रमुख म्हणून आयुष्य काढू शकले असते आणि तेही पुण्याचेच काम ठरले असते. पण आता त्यांच्या पाठीशी असा संघ होता की, एकदा वाट उघडली तर मागून आणखी माणसे पाठवता येतील. १६८६ साली प्रमुखपद सोडून आणि परवानगी घेऊन ते दक्षिणेकडे पायी निघाले.

बरोबर जॉन नावाचा सेवक होता. या जॉनविषयी आम्हाला थोडे बोलायचे आहे. चरित्रांत त्याचा उल्लेख ओझरता येतो. पण पुढची अनेक वर्षे, आजारपणात आणि तुरुंगातही, तो फादरांच्या सोबत राहिला. त्याला सण नाही, त्याची वेदी नाही. तो नसता तर फादर जोसेफ पहिल्याच वर्षी मेले असते असे त्यांचे चरित्र वाचताना वाटते.

१६८७ साली हे दोघे तुतिकोरीनहून होडीने निघाले आणि वादळवारा सोसत सिलोनच्या उत्तरेस जाफन्याला पोचले. झगा केव्हाच उतरवला होता. अंगावर मजुराचे कपडे होते. उतरताच दोघांनाही हगवणीने गाठले. रोग पसरेल या भीतीने लोकांनी त्यांना वस्तीबाहेर ठेवले. एका दयाळू बाईने पेज आणून दिली, त्यावर ते जगले असे सांगतात.

बरे वाटू लागल्यावर खरा प्रश्न उभा राहिला. कॅथलिक ओळखायचे कसे? कोणाला विचारावे तर तो डचांचा हेर निघायचा. कॅथलिक माणूसही अनोळख्या भिकाऱ्यापुढे मन मोकळे करणार नाही. फादर जोसेफ यांनी गळ्यात जपमाळ घातली आणि दारोदार भीक मागू लागले. कोणाची नजर माळेवर थांबते, कोण पटकन मान वळवते, कोण दुसऱ्या दिवशीही भीक घालते, हे ते पाहत राहिले. काही दिवसांनी एका घरावर त्यांचा भरवसा बसला. तिथल्या माणसांना त्यांनी बेताबेताने विचारले आणि मग आपण धर्मगुरू असल्याचे सांगितले.

त्या रात्रीपासून बंद दारांआड मिस्सा सुरू झाली. तीस वर्षांनी! डचांच्या चर्चमध्ये लग्न लावून घरात गुपचूप माळ जपणारी माणसे पुढे येऊ लागली. आईबापांनी पुसू न दिलेल्या प्रार्थना मुलांना येत होत्या. आम्हाला या चरित्रातला सर्वांत मोलाचा भाग हाच वाटतो. फादर जोसेफ यांनी तिथे श्रद्धा नव्याने नेली नाही. घराघरात राखेखाली निखारे होते, त्यांवर त्यांनी फुंकर घातली. ते निखारे ज्या आज्या आणि आया राखत आल्या, त्यांची नावे कोणत्याही वहीत नाहीत.

पुढे ते सिल्लालै या कॅथलिक गावात राहून आसपासच्या वस्त्यांना रात्री भेटी देऊ लागले. बातमी डचांपर्यंत गेलीच. १६८९ च्या नाताळच्या रात्री भाविक जमले असताना सैनिकांनी धाड घातली. फादर निसटले, पण त्यांच्या माणसांना पकडण्यात आले. एक जण मारहाणीत प्राणाला मुकला आणि काहींना सक्तमजुरीची शिक्षा झाली. आपल्या येण्यामुळे या लोकांवर हे संकट आले, हे ओझे त्यांनी कसे वाहिले असेल याची आम्ही केवळ कल्पना करू शकतो. त्यांनी बेट सोडले नाही. डचांच्या हद्दीबाहेर, बौद्ध राजा विमलधर्मसूर्य दुसरा याच्या कँडी राज्यात ते गेले.

तिथेही स्वागत झाले ते तुरुंगाने. दरबारी असलेल्या एका फ्रेंच काल्विनपंथीयाने हा पोर्तुगिजांचा हेर आहे असे राजाच्या कानी घातले. कैदेत फादर जोसेफ सिंहली भाषा शिकले. तमिळ त्यांना येऊ लागली होतीच. हळूहळू पहारा सैल झाला, तेव्हा त्यांनी तुरुंगाच्या आवारातच गवताची झोपडी बांधली आणि ती वेदी झाली. आसपासचे कॅथलिक तिथे येऊ लागले. पुढे मोठा दुष्काळ पडला असता राजाच्या विनंतीवरून त्यांनी उघड्यावर वेदी मांडून प्रार्थना केली आणि पाऊस कोसळला, ही कथा गोव्यात आणि श्रीलंकेत सर्वांना पाठ आहे. पावसाकडे डोळे लावून बसणाऱ्या आपल्या जिल्ह्यात ती कोणाला आवडणार नाही?

तरीही आम्हाला १६९७ ची देवीची साथ अधिक मोठी वाटते. रोग असा की, घरचेच लोक आजाऱ्याला रानात नेऊन टाकत. राजाही राजधानी सोडून गेला. फादर जोसेफ आणि गोव्याहून नुकतेच आलेले त्यांचे भाचे फादर जोसेफ कार्व्हालो हे दोघे मागे राहिले. टाकून दिलेल्या माणसांसाठी त्यांनी झोपड्या उभारल्या, त्यांना धुतले, भरवले, मेलेल्यांना पुरले. त्यात बौद्ध कोण आणि ख्रिस्ती कोण हे त्यांनी पाहिले नाही. साथ ओसरल्यावर राजाने त्यांना आपल्या राज्यात मोकळेपणाने काम करू दिले.

मग गोव्याहून ओरेटरीचे आणखी धर्मगुरू येऊ लागले. १७०५ साली दिवाडी बेटावरचे फादर जाकोम गोन्साल्विस आले. त्यांनी सिंहली आणि तमिळमध्ये इतके लिहिले की, सिंहली कॅथलिक साहित्याचे जनक म्हणून आजही त्यांना मान आहे. इतके धर्मगुरू येऊनही बेटाला ते अपुरेच होते. म्हणून प्रत्येक वस्तीत एक वडीलधारा आणि एक शिकवणारा प्रापंचिक माणूस नेमलेला असे. तमिळ भागात शिकवणाऱ्याला अण्णावी म्हणत. फादर येतील तेव्हा येतील. तोवर रविवारी सर्वांना जमवून प्रार्थना घेणे, मुलांना धर्मशिक्षण देणे, मरणाच्या दारी असलेल्या बालकाला स्नानसंस्कार देणे, आजाऱ्याजवळ बसणे ही त्यांची कामे. आपल्या गावांतून कॅटेकिस्ट आणि काही घरच्या बाया जे करतात, ते याहून वेगळे नाही. आपण त्यांना कधी धन्यवाद दिले आहेत का, हे ज्याचे त्याने आठवून पाहावे.

फादर जोसेफ यांना बिशप करावे अशीही सूचना पुढे आली होती. त्यांनी ती नाकारली आणि पायी फिरत राहिले. चोवीस वर्षे सिलोनमध्ये काढून १६ जानेवारी १७११ रोजी कँडी येथे त्यांनी देह ठेवला. वय साठीला काही महिने कमी होते. या चोवीस वर्षांत ते एकदाही गोव्याला परतले नाहीत.

त्यांना कँडीच्या चर्चमध्ये पुरण्यात आले. पुढच्या काळात राजाश्रय गेला, चर्च पाडले गेले, आणि त्यांची कबर नेमकी कुठे आहे हे आज सांगता येत नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २१ जानेवारी १९९५ रोजी कोलंबो येथे त्यांना धन्यवादित घोषित केले आणि पोप फ्रान्सिस यांनी १४ जानेवारी २०१५ रोजी त्याच शहरात, समुद्रकाठच्या मैदानावर, संतपद दिले.

आपल्यापैकी कोणी गोव्याला गेले तर बॉम जेझूच्या बासिलिकेत संत फ्रान्सिस झेवियर यांचे दर्शन आपण घेतोच. तसेच सांकवाळलाही जावे. जुन्या जळालेल्या चर्चची दर्शनी भिंत तिथे अजून उभी आहे, आणि त्याच आवारात संत जोसेफ वाझ यांचे तीर्थस्थान आहे. सणाआधी नऊ दिवस तिथे नव्हेना होते आणि दुरून माणसे चालत येतात, त्यांतली काही अनवाणी.