मार्गशोधाचा पाया घालणारे डाइक्स्ट्रा

गोदामातून निघालेल्या मालमोटारीने कोणत्या रस्त्याने जावे म्हणजे अंतर सर्वात कमी पडेल, याचा हिशेब संगणक आज क्षणार्धात करतो. या हिशेबाचा पाया घालणारे डच संगणकशास्त्रज्ञ एड्स्खर डाइक्स्ट्रा यांचे नाव मात्र सर्वसामान्यांना फारसे परिचित नाही.

डाइक्स्ट्रा यांचा जन्म ११ मे १९३० रोजी नेदरलँड्समधील रॉटरडॅम येथे झाला. वडील रसायनशास्त्राचे शिक्षक, तर आई गणितज्ञ होत्या. लायडन विद्यापीठात भौतिकशास्त्राचे शिक्षण घेत असतानाच, १९५२ पासून ते ॲमस्टरडॅम येथील गणित केंद्रात प्रोग्रामर म्हणून काम करू लागले. त्या काळी या कामास व्यवसायाची प्रतिष्ठा नव्हती. १९५७ मध्ये विवाहनोंदणीच्या वेळी प्रोग्रामर हा व्यवसाय अधिकाऱ्यांनी मान्य केला नाही, त्यामुळे त्यांना सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ अशी नोंद करावी लागली.

केंद्राने तयार केलेल्या आरमॅक संगणकाचे प्रात्यक्षिक १९५६ मध्ये होणार होते. संगणकाची ओळख नसलेल्या प्रेक्षकांनाही समजेल असा प्रश्न हवा होता. दोन शहरांमधील सर्वात जवळचा मार्ग शोधण्याचा प्रश्न डाइक्स्ट्रा यांनी निवडला. वाग्दत्त वधूसोबत ॲमस्टरडॅमच्या एका उपाहारगृहात कॉफी घेत असताना, कागद-पेन्सिल हाती न घेता, सुमारे २० मिनिटांत त्यांना त्याचे उत्तर सुचले. प्रात्यक्षिकासाठी नेदरलँड्समधील ६४ शहरांचा नकाशा वापरण्यात आला.

ही रीत साधी आहे. आरंभस्थानापासून सर्वात जवळचे ठिकाण प्रथम निश्चित करायचे, तेथून पुढील ठिकाणांची अंतरे मोजायची आणि उरलेल्यांपैकी सर्वात कमी अंतराचे ठिकाण पुन्हा निवडायचे. एकदा निश्चित झालेले अंतर पुन्हा तपासावे लागत नाही. त्यामुळे शक्य असलेला प्रत्येक मार्ग मोजण्याचे श्रम वाचतात. १९५९ मध्ये ही रीत अवघ्या तीन पानांच्या लेखातून प्रसिद्ध झाली.

पुढे त्यांनी आइंडहोव्हन येथे व १९८४ पासून अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठात अध्यापन केले. १९७२ चा ट्युरिंग पुरस्कार त्यांना प्रदान करण्यात आला. आपली १३०० हून अधिक टिपणे, त्यातील बरीचशी स्वहस्ते शाईच्या पेनाने लिहून, त्यांनी सहकाऱ्यांना पाठवली. त्यांच्या छायाप्रती पुढे हातोहात जगभर पोहोचल्या.

ज्ञानाच्या याच मुक्त देवाणघेवाणीवर ओपन सोर्स सॉफ्टवेअर उभे आहे. पीजीराउटिंग, ओएसआरएम आणि ग्राफहॉपर या मार्गनियोजनाच्या मुक्त प्रणालींमध्ये डाइक्स्ट्रा यांची रीत मूळ अथवा विकसित स्वरूपात वापरली जाते. त्यांचा सोर्स कोड कोणालाही पाहता व सुधारता येत असल्याने लहान वाहतूक व्यावसायिकांनाही परवाना शुल्क न भरता त्यांचा उपयोग करता येतो. अनेक ग्राहकांकडे कोणत्या क्रमाने जावे हा प्रश्न याहून अवघड आहे. तथापि तो सोडवण्यासाठीही प्रत्येक दोन ठिकाणांमधील कमीत कमी अंतर आधी ठाऊक असावे लागते.

डाइक्स्ट्रा यांचे ६ ऑगस्ट २००२ रोजी नेदरलँड्समधील न्यूनेन येथे निधन झाले. ओपनस्ट्रीटमॅप हा जगाचा मुक्त नकाशा त्यानंतर दोन वर्षांनी, २००४ मध्ये सुरू झाला. तो पाहण्यास ते हयात नव्हते. मात्र त्या नकाशावर रस्ता शोधणाऱ्या प्रणालींच्या मुळाशी त्यांचीच रीत आहे.