दुखणाईत प्रवासी : डॉक्टर डेव्हिड लिव्हिंग्स्टन

चिचगडच्या बाजूच्या रानातून भर पावसाळ्यात एका गावाहून दुसऱ्या गावी ज्यांस चालत जावे लागते, त्यांस पोटाचे दुखणे म्हणजे काय हे निराळे सांगावयास नको. पायांखाली चिखल, दोहों बाजूंस धानाच्या बांध्या पाण्याने भरलेल्या आणि पोटात आव मुरडत असलेली. अशा वेळी मनुष्यास चारचौघांत बसण्याची लाज वाटते, प्रवासाची धास्ती वाटते, आणि भजनास उभे राहिले असता मध्येच उठून जावे लागेल की काय, ह्या भयाने त्याचे चित्त स्थिर राहत नाही. तापाचे दुखणे लोकांस सांगता येते. पोटाचे दुखणे मनुष्य सांगत नाही. ह्यास्तव ज्याने हे दुखणे जवळजवळ वीस वर्षे अंगावर वागवले आणि अखेरीस त्यातच देह ठेविला, अशा एका थोर पुरुषाचे चरित्र आज सांगण्याचे योजिले आहे.

डेव्हिड लिव्हिंग्स्टन ह्यांचा जन्म १९ मार्च १८१३ रोजी स्कॉटलंड देशातील ब्लँटायर ह्या गावी झाला. घरची गरिबी असल्यामुळे वयाच्या दहाव्या वर्षीच त्यांस कापसाच्या गिरणीत कामास जावे लागले. सकाळी सहा वाजल्यापासून रात्री आठ वाजेपर्यंत काम असे. पहिल्या मजुरीच्या पैशातून त्यांनी लॅटिन भाषेचे व्याकरण विकत घेतले. पुढे ग्लासगो येथे वैद्यकीचा अभ्यास करून १८४० साली ते डॉक्टर झाले, त्याच वर्षी त्यांस पाळकपदाची दीक्षा मिळाली, आणि लंडन मिशनरी सोसायटीच्या वतीने ते आफ्रिकेस निघाले. १८४४ साली एका सिंहाने त्यांचा डावा दंड चावून हाड मोडले. ते हाड नीट सांधले नाही. ही खूण पुढे फार कामास आली. ती गोष्ट योग्य ठिकाणी सांगू.

त्यांच्या प्रवासांचे सविस्तर वर्णन येथे करीत नाही. आफ्रिका खंडाच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत जाणारा मार्ग त्यांनी १८५६ साली पुरा केला, एवढे सांगितले म्हणजे पुरे. आपल्या विषयाचा आरंभ त्या मार्गावरच होतो. १८५४ च्या मे महिन्याच्या अखेरीस ते पश्चिम किनाऱ्यावरील लुआंडा शहरी पोहोचले, तेव्हा ताप आणि आमांश ह्यांनी त्यांचे शरीर अगदी झिजून गेले होते. तेथील इंग्रज अधिकारी गॅब्रिएल साहेबांनी त्यांस आपल्या स्वतःच्या बिछान्यावर निजविले. बंदरात इंग्रजांची जहाजे आली होती. कप्तानांनी त्यांस स्वदेशी नेण्याची तयारी दाखविली. दुखणाईत मनुष्यास ह्याहून मोठा मोह कोणता? परंतु त्यांच्याबरोबर मकोलोलो राजाने दिलेली सत्तावीस माणसे आली होती, आणि त्यांस त्यांच्या घरी परत पोहोचविण्याचे वचन डॉक्टरांनी दिले होते. ते जहाजावर चढले नाहीत. काही आठवडे अंथरुणावर काढून ते त्या माणसांसह पुनः रानात शिरले.

तेव्हापासून आमांशाने त्यांची पाठ पुरती सोडली नाही. काही महिने बरे जात, मग दूषित पाणी, अपुरे अन्न किंवा ओले अंथरूण ह्यांपैकी काही निमित्त होऊन रक्तआव उलटे. त्यात मूळव्याधीचीही भर पडली. ते स्वतः डॉक्टर असल्यामुळे आपली औषधे आपणच करीत. क्विनीन, कॅलोमेल, रेवाचिनी आणि जॅलप ह्यांच्या गोळ्या ते तापावर देत, आणि त्या त्यांच्या नावाने प्रसिद्ध झाल्या. क्विनीनचा गुण खरा होता. परंतु बाकीची द्रव्ये रेचक होती, आणि कॅलोमेल तर पाऱ्याचे संयुग. आधीच दुबळ्या झालेल्या आतड्यांस असले औषध कितपत मानवत असेल ह्याचा विचार आजचा वैद्य सहज करील. त्या काळी मात्र थोरथोर वैद्यही हीच औषधे देत असत.

येथे एक गोष्ट झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. १८५८ ते १८६४ ह्या काळात झांबेझी नदीवरील सफरीत डॉक्टरसाहेब आपल्या गोऱ्या सोबत्यांशी फार कठोरपणे वागले. काहींस त्यांनी कामावरून दूर केले, आणि कित्येकांची मने दुखविली. ह्याच सफरीत, १८६२ च्या एप्रिल महिन्यात, त्यांची पत्नी मेरी शुपांगा येथे तापाने वारली. सतत दुखणारे पोट मनुष्याचा स्वभाव तिखट करते हे आपण आपल्या घरांतूनही पाहतो. ह्याने कठोर वागण्याचा दोष नाहीसा होत नाही. परंतु दुखणाईताने आपल्या जिभेवर दुप्पट पहारा ठेवावा, आणि घरच्यांनी त्याचे शब्द निम्मेच मनावर घ्यावेत, एवढा बोध त्यातून घेता येतो.

सफर संपल्यावर आपली लहानशी आगबोट स्वतः हाकारीत त्यांनी हिंदी महासागर ओलांडला आणि १८६४ च्या जून महिन्यात ते मुंबई बंदरात उतरले. बरोबर आणलेल्या चुमा आणि विकाटानी ह्या दोन मुलांस त्यांनी डॉक्टर जॉन विल्सन ह्यांच्या शाळेत ठेविले, आणि आपण इंग्लंडास गेले. लंडनमध्ये वैद्यांनी त्यांस मूळव्याधीची शस्त्रक्रिया करून घेण्याचा सल्ला दिला. त्यांनी तो मानिला नाही. आपल्या असल्या दुखण्याची वार्ता वर्तमानपत्रांत यावी हे त्यांस रुचले नाही. वाचकहो, सिंहास न भ्यालेला हा पुरुष लाजेपुढे मात्र हरला. त्या नकाराचे मोल पुढे नऊ वर्षांनी त्यांस आपल्या रक्ताने द्यावे लागले.

१८६५ साली ते पुनः मुंबईस आले आणि तेथून नाशिकास गेले. तेथील शरणपूर ही ख्रिस्ती वसाहत चर्च मिशनरी सोसायटीचे प्राइस साहेब ह्यांनी वसविली होती. गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या गलबतांवरून इंग्रजी आरमाराने सोडविलेली आफ्रिकी मुले तेथे आणून ठेवीत, त्यांस लिहिणे-वाचणे आणि सुतारकी, लोहारकी असे धंदे शिकवीत. गोदावरीच्या पाण्यावर आणि आपल्या ह्या मुलखाच्या अन्नावर वाढलेल्या त्या तरुणांपैकी नऊ जण डॉक्टरसाहेबांबरोबर जावयास तयार झाले. चुमाचा बाप्तिस्मा त्याच वर्षीच्या डिसेंबर महिन्यात मुंबईस झाला होता, तोही निघाला. ३ जानेवारी १८६६ रोजी ही मंडळी मुंबईहून आफ्रिकेकडे निघाली.

हा त्यांचा शेवटचा प्रवास. तो सात वर्षे चालला, आणि त्यातील बहुतेक काळ दुखण्यात गेला. जानेवारी १८६७ मध्ये पळून गेलेल्या हमालांनी त्यांची औषधांची पेटी नेली. त्यात सगळे क्विनीन होते. आपणांस जणू मरणाची शिक्षाच सुनावली गेली, असे त्यांस वाटले. कठीण मका चावून चावून दात हलले आणि पडले. दात गेले म्हणजे अन्न नीट चावले जात नाही, आणि न चावलेले अन्न दुखऱ्या आतड्यांस जड जाते. १८७० साली पायांस व्रण होऊन जवळजवळ ऐंशी दिवस ते एका खोपटातच पडून राहिले. त्या मुलखात असता त्यांनी संपूर्ण पवित्र शास्त्र चार वेळा वाचून काढिले. १८७१ च्या ऑक्टोबर महिन्यात ते उजिजी येथे परतले, तो त्यांच्यासाठी पाठविलेला माल त्यावर नेमलेल्या मनुष्याने विकून खाल्लेला. अंगावर मांस नाही, पेटीत औषध नाही, हाती कापडाचा तुकडा नाही.

अशा वेळी अमेरिकन वर्तमानपत्राचे बातमीदार स्टॅनले साहेब त्यांस शोधीत तेथे येऊन पोहोचले. त्यांनी औषधे आणिली, कपडे आणिले आणि चांगले अन्नही आणिले. ज्या पोटास काही सोसत नव्हते, ते पोट दिवसातून चार वेळा जेवू लागले. थोड्याच दिवसांत अंगी शक्ती आली. ह्यावरून उघड होते की दुखणाईतास योग्य अन्न, विसावा आणि बोलावयास एक स्नेही ह्या तिहींची किती गरज असते. स्टॅनले साहेबांनी परत चलण्याचा पुष्कळ आग्रह केला. परंतु नाईल नदीच्या उगमाचा शोध अपुरा होता, आणि गुलामांच्या व्यापाराचा अंत झालेला नव्हता. डॉक्टरसाहेब मागे राहिले. १८७२ च्या ऑगस्टात किनाऱ्याहून नवी माणसे आली. त्यांत नाशिकचे आणखी तरुण होते, आणि त्यांपैकी एकाचे नाव जेकब वेनराइट.

आता शेवटचे महिने. बांगवेउलू सरोवराच्या भोवती सर्वत्र दलदल, आणि पाऊस अखंड. १८७३ च्या मार्च महिन्याच्या अखेरीपासून आतड्यांतून रक्त जाऊ लागले ते थांबेना. चेहरा पांढरा पडला. २१ एप्रिलला ते गाढवावर बसून निघाले, पण थोड्याच अंतरावर खाली पडले. तेव्हा त्यांच्या माणसांनी लाकडांची एक खाट बांधिली, तिजवर गवत व घोंगडी पसरली, आणि ती एका दांड्यास टांगून, आपल्याकडील डोलीप्रमाणे, खांद्यांवर वाहिली. त्यांस दूध मानवत असे, म्हणून माणसे दुभत्या शेळ्या विकत घेण्यास धाडिली. शेळ्या मिळाल्या नाहीत. २७ एप्रिलला त्यांनी रोजनिशीत शेवटच्या ओळी लिहिल्या. २९ तारखेस त्यांस दारापर्यंतही चालवेना. म्हणून सोबत्यांनी झोपडीची एक भिंत काढून डोली थेट बिछान्याशी आणिली.

चितांबो नामक मुखियाच्या गावी त्यांच्यासाठी खोपट उभारिले. ३० एप्रिलच्या रात्री त्यांनी सुसी ह्या जुन्या सेवकास बोलावून औषधांची पेटी मागितली. सुसीने मेणबत्ती धरिली. दृष्टी मंद झाल्यामुळे त्यांस कॅलोमेलची बाटली मोठ्या प्रयासाने ओळखता आली. मग त्यांनी सुसीस जावयास सांगितले. १ मे १८७३ रोजी पहाटे चारच्या सुमारास जवळ निजलेल्या मुलाने सोबत्यांस उठविले. ते आत आले, तो डॉक्टरसाहेब बिछान्याशी गुडघे टेकून, तोंड हातांत आणि हात उशीवर, असे प्रार्थनेच्या स्थितीत होते. अंग थंड झाले होते. एका महिन्याने, १८७३ च्या जूनमध्ये, झांजिबारचा गुलामांचा बाजार बंद झाला. ती वार्ता ऐकावयास ते राहिले नव्हते.

आता सोबत्यांनी काय केले ते पाहा. देहाचे आतील भाग काढिले तेव्हा पोटाच्या डाव्या बाजूस मुठीएवढी रक्ताची गाठ आढळली. त्या कामात नाशिकच्या फरार नामक तरुणाने मदत केली. हृदय आणि आतडी त्यांनी तेथेच एका झाडाखाली पुरली, जेकबने प्रार्थनापुस्तकातून प्रेतसंस्काराचा पाठ वाचला आणि झाडाच्या सालीवर नाव व तारीख कोरली. देहास मीठ लावून चौदा दिवस उन्हात वाळविले, आणि कापडात व सालीत गुंडाळून ते समुद्राकडे निघाले. वाट एक हजार मैलांहून अधिक. वाटेत कित्येक जण मेले. उन्यान्येंबे येथे भेटलेल्या इंग्रजांनी देह तेथेच पुरावा असे सुचविले; सोबत्यांनी मानिले नाही. पुढे एका गावाने प्रेत नेऊ दिले नाही, तेव्हा त्यांनी ताटांची एक खोटी मोळी प्रेतासारखी बांधून परत पाठविली आणि खरा देह कापडाच्या गाठोड्यासारखा करून पुढे नेला. १८७४ च्या फेब्रुवारीत ते किनाऱ्यास लागले. जेकब देहाबरोबर इंग्लंडास गेला. तेथे सिंहाने मोडलेल्या दंडाच्या हाडावरून देहाची ओळख पटली, आणि १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेत, जेथे राजे निजले आहेत तेथे, त्यांस मूठमाती दिली. पेटीस खांदा देणाऱ्या मान्यवरांत आमच्या नाशिकचा जेकब होता.

बंधुभगिनींनो, ह्या चरित्रातून कोणी असे समजू नये की दुखणे अंगावर काढणे हाच भक्तीचा मार्ग आहे. डॉक्टरसाहेबांस क्विनीन हरवल्यावर ते मिळण्याची सोय नव्हती. आम्हांस आरोग्य केंद्र आहे. आमांश जंतूंपासून आणि अमिबापासून होतो, आणि ते दूषित पाण्यातून व घाण हातांतून पोटात जातात, हे आज लहान मुलासही शिकवितात. म्हणून पाणी उकळून प्यावे आणि शौचानंतर व जेवणापूर्वी साबणाने हात धुवावेत. पातळ ढाळ होत असतील तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ मिसळून घोट घोट द्यावे. शौचावाटे रक्त पडत असेल, किंवा दुखणे आठवडेच्या आठवडे चालले असेल, तर ते मूळव्याधच आहे असे घरीच ठरवू नये. आतड्यांच्या व्रणांनी आणि गाठींनीही रक्त जाते, आणि आज दुर्बिणीने आत पाहून त्याचा निश्चय करता येतो. काही जणांस हे दुखणे जन्मभर पुरते. त्यांनाही औषध, पथ्य आणि विसावा ह्यांच्या बळावर आपले काम करता येते.

तसेच, दुखणे हे पापाची शिक्षा आहे अथवा विश्वास कमी असल्याची खूण आहे, असे बोलून कोणी दुखणाईताच्या जिवास आणखी दुखवू नये. ज्याने पवित्र शास्त्र चार वेळा वाचिले आणि जो गुडघ्यांवर मेला, त्याच्या विश्वासात काय उणे होते? उणे होते ते एवढेच की, सांगावयाचे तेव्हा लाजेने सांगितले नाही. मंडळीत कोणी बंधू भजनातून मध्येच उठून जात असेल तर त्याकडे वळून पाहू नये, त्यास दाराजवळची जागा द्यावी. कोणी उपदेशक दुखण्याने अडला तर त्याचे गाव दुसऱ्याने करावे. त्या शेवटच्या वाटेवर दारातून निघता येईना, तेव्हा त्या गरीब सोबत्यांनी भिंतच काढिली. आपल्या मंडळीत असा एक जरी दुखणाईत असला, तर त्याच्यासाठी कोणती भिंत काढावयाची, ह्याचा विचार ह्याच आठवड्यात करावा, अशी आमची नम्र विनंती आहे.